माझा एजंट, तिचा एजंट

हसायचं असेल तर आधी चहा संपवा, नाकात जाईल.

जयपूरला विम्याच्या कचेरीत होतो, तेव्हाची गोष्ट. माझं काम एकच, एजंट जमवायचे आणि त्यांच्या मागे लागायचं. स्वप्नातसुद्धा एजंटच यायचे, तेही टार्गेट अपुरं ठेवून.

एका संध्याकाळी आमची कॉलेजात जाणारी लेक ऋचा फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "पहले पूरा गुंडा था. अब सुधर गया. एजेंट बन गया है, पर मन नहीं लगता बेचारे का. शनिवार को सब फाइनल हो जाएगा. बाबा को पता नहीं चलना चाहिए."

घशात पोहे अडकले माझ्या.

कारण असा एजंट जयपुरात एकच, आणि तो मीच घडवलेला. सांगानेरचा भंवरसिंह. कॉलेजात हाणामाऱ्या करायचा, मी गळ घालून विम्यात ओढला. रोजचं रडगाणं, "साहब, मेरे से नहीं होगा." अधूनमधून दुर्गापुऱ्याला आमच्या घरी यायचा. चहा कोण आणायचं? ऋचा.

अन्न गोड लागेना. बायकोला सांगावं, तर ही म्हणणार, "घरात आणला कुणी?"

शुक्रवारी थेट त्याच्या घरच्या छपाईच्या कारखान्यात धडकलो. गडी लाकडी ठशानं चादर छापत होता, कोपरापर्यंत निळा.

"भंवरजी, शनिवार को क्या है?"

ठसा तिरका पडला. "आपको किसने बताया, साहब? सगाई है मेरी."

मी कापडाच्या गठ्ठ्यावर बसलोच. "लड़की के पिताजी को पता है?"

"उन्होंने ही तो पसंद किया. बड़े सीधे आदमी हैं. जो बोलो, मान लेते हैं."

आता तुम्हीच सांगा, बापाचं काय होईल? मी ओरडलो, "मैं सीधा नहीं हूँ! मैं मना करता हूँ!"

कारखान्यातले सगळे ठसे थांबले. भंवरसिंहानं निळे हात जोडले. "साहब, लड़की वाले बगरू गाँव के हैं, वो मान गए. आपको क्या दिक्कत है? पॉलिसी मैं शादी के बाद भी बेचूँगा, कसम से."

तोंड लपवत घरी आलो. ऋचाच्या टेबलावर चित्रं पसरलेली. कॉलेजच्या अंकासाठी दोघी मैत्रिणींनी केलेलं कॉमिक. एक महादुष्ट खलनायक सुधारतो आणि मनाविरुद्ध सरकारचा गुप्तहेर होतो. एजंट! शनिवारी द्यायचं होतं.

"मग माझ्यापासून लपवायचं कशाला?"

मी चष्मा लावला. खलनायकाला टक्कल, जाड मिशी, हातात माझीच ब्रीफकेस. आणि त्याची अद्भुत शक्ती? बोलून बोलून माणसाला बेशुद्ध पाडणं.

"अगं, हा मी आहे?"

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "नाही हो. तो शेवटी सुधारतो."