ताईला कॅन्सल केलं म्हणे...

गेल्या सोमवारी सकाळी ओमानमधल्या सोहारच्या घरी नाश्त्याला बसलो होतो, तेवढ्यात ऑस्ट्रेलियाहून भाचीचा व्हॉइस मेसेज आला. माझी थोरली बहीण मंगलताई तिथे एका वृद्धाश्रमात राहते, भाचीच्या घराजवळच. मेसेज आला की आधी मनात येतं... ताईला काही झालं तर नाही ना?

भाची तिथेच वाढलेली, तिचं मराठी तुटक. ती म्हणाली, "मामा, आईच्या होमला गव्हर्नमेंटचं अप्रूव्हल मिळालं, प्रीमियम सर्व्हिसेसचं. पण आईचं कॅन्सल झालंय. तुम्हीच बोला आता."

एवढंच. पुढे काही नाही.

आता गल्फमध्ये ज्याने दिवस काढलेत त्याला 'कॅन्सल' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मी मस्कतच्या गाला भागात एका गॅरेजमध्ये उभी हयात घालवली. तिथे "अमक्याला कॅन्सल केलं" म्हणजे त्याचा व्हिसा गेला, बॅग भरा, विमानात बसा... खलास. चांगली चांगली माणसं मी अशी जाताना पाहिली आहेत.

ताईचे गुडघे गेलेले, भाचीच्या घराला जिने, आणि मी इथे मुलाकडे राहणारा. तिला काढलं तर ती जाणार कुठे? भाचीला फोन लावला, ती कामावर. ताईला लावला, उचलला नाही. मुलाला लावून उपयोग नव्हता, प्लांटमध्ये मोबाईल बाहेर ठेवावा लागतो.

तेवढ्यात दाऊदभाई आले. मूळचे दापोलीकडचे, जवळच्या सहम गावात त्यांचं दुकान आहे. सोहारला माल न्यायला आले की आमच्याकडे चहा ठरलेला.

"काय झाला वसंतशेठ? तोंड पापलेटासारखा सपाट का?"

"ताईला कॅन्सल केलं."

"कोणी? अर्बाबनी, मालकानी?"

"सरकारने. प्रीमियम का काय ते मंजूर केलं, आणि तिला काढलं."

दाऊदभाईंनी मेसेज पुन्हा पुन्हा ऐकला. मग आम्ही दोघे विचार करत बसलो. आमच्या माहितीत प्रीमियम म्हणजे विम्याचा हप्ता. वृद्धाश्रमात हप्ता कसला? आणि त्याला सरकारची मंजुरी कशाला लागते? भीती एकीकडे, पण डोक्यात हा किडाही वळवळायला लागला...

दाऊदभाईंनीच तोडगा काढला. "आपल्या इथं बलदियावाले, म्हणजे नगरपालिकावाले, हॉटेलात जाऊन टोप उघडून बघतात, तसे तिकडचे सरकारवाले म्हाताऱ्यांची आमटी चाखीत असतील. आमटी पास झाली, दिला अप्रूव्हल."

"मग ताईला का काढतील?"

"तिनी आमटीला नावं ठेवली असतील! बहीण कोणाची?"

ते हसत होते, मला मात्र ते खरंच वाटायला लागलं. ताई जेवणाला नावं ठेवते, हे खोटं नाही...

चहा झाल्यावर ताईला व्हिडिओ कॉल लावला. या वेळी उचलला. नेहमीप्रमाणे ताईचं नुसतं कपाळ दिसत होतं.

"ताई, सामान बांधलंस का गं?"

"कसलं सामान?"

"तुला कॅन्सल केलं ना?"

"मला कोण कॅन्सल करतंय वश्या! मीच कॅन्सल केलं."

मग तिने सगळं नीट सांगितलं. तिथे साधं जेवण, अंघोळ, औषधं, नर्स हे सगळ्यांना सारखंच. त्याच्यावर ज्यांना हौस असेल त्यांना जादा पैसे घेऊन मोठ्या खिडकीची खोली, दोन-तीन पदार्थांतून निवड, खोलीत येऊन केस कापणारी बाई असं काय काय देतात. पण म्हातारी माणसं, कोणीही काहीही नाव सांगून पैसे उकळेल... म्हणून सरकार आधी बघतं की खरंच वेगळं काही देताय का. मला हे फारच आवडलं. म्हणजे दाऊदभाईंची आमटी अगदीच चुकीची नव्हती.

भाचीने प्रेमाने ते सगळं आईसाठी घेतलं होतं. ताईने थोडे दिवस पाहिलं आणि बंद करून टाकलं. मी तिला पटवावं, एवढंच भाचीचं म्हणणं होतं.

"अगं, मग घे की. खिडकी मोठी आहे म्हणतेस."

"खिडकीतून पार्किंग दिसतं. आणि जेवायला वेगळी खोली, टेबलावर पांढरी चादर. सगळ्या अशा गप्प बसतात, जसं कोणी गेलंय. माझी मारिया राहिली ना साध्या हॉलमध्ये."

मारिया ही ग्रीक बाई. तिला इंग्रजी येत नाही, ताईला कामापुरतं येतं. जेवताना ती ग्रीकमध्ये तिच्या जावयाला शिव्या घालते आणि ताई मराठीत माझ्या कागाळ्या सांगते.

"तिला कळतं?"

"सगळं कळतं. तुझं नाव काढलं की कपाळावर हात मारते."

दाऊदभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी भाचीला मेसेज केला, आई आहे तिथेच राहू दे, खिडकी नको.

नंतर किती वेळ मनात तेच घोळत होतं. भावजी गेल्यावर ताई जवळजवळ मुकी झाली होती. फोनवर हो, नाही, बरं, एवढंच. ती पुन्हा भांडायला लागली, नावं ठेवायला लागली, ते या हॉलमध्ये बसून...

मारियाबाईंना मी कधी पाहिलेलं नाही, आणि त्यांचे आभार कोणत्या भाषेत मानायचे तेही मला माहीत नाही. म्हणून इथे मराठीत मानतो... त्यांना कळेल.