येताना वारा पाठीशी असतो

बाबा गेल्यापासून आई धायरीला राहते. काल तिथला माळा आवरताना जुना पृथ्वीचा गोल सापडला. पुण्यापासून टोरांटोपर्यंत टेपने चिकटवलेला निळा दोरा अजून त्यावर आहे.

बारा वर्षांपूर्वी खडकीच्या क्वार्टरमध्ये तो बाबांनी माझ्यासमोर लावला होता. टोरांटोचा मुलगा मला पाहायला आला होता. दोन्ही बाजूंना पाहुण्या बायका, गुडघ्यांना टेकलेला टीपॉय. उठायलासुद्धा जागा नव्हती. मला नाही म्हणायचं होतं, पण पोह्यांचं कौतुक चाललेलं असताना ते सांगायचं कुणाला?

दारूगोळा कारखान्यात मापं तपासण्यात बाबांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी दोरा मोजला. "साधारण साडेबारा हजार किलोमीटर. विमानाला किती वेळ लागतो?"

"एकदा बदलून बावीस तास," मुलगा म्हणाला.

"आणि येताना?"

सगळे हसले. "अहो, आधी जाऊ तर द्या तिला," त्याचे वडील म्हणाले.

मुलाने मात्र सरळ उत्तर दिलं. "येताना वारा पाठीशी असतो. तासभर कमी लागतो."

"बरं आहे," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. चारचौघांत काय हे विचारणं, म्हणून मला त्यांची लाज वाटली. त्यांची नजर चुकवायला मी मान खाली घातली. सगळ्यांनी तो होकार समजला.

बाबा माझ्या उत्तरासाठी थांबले होते, हे काल दोऱ्यावरून बोट फिरवताना कळलं. परवा मला निघायचंय, तासभर जास्त लागणाऱ्या बाजूने.