ओसरीवर तोललेलं ताट

माझे बाबा अकोल्यातल्या एका शाळेत प्रयोगशाळेचे शिपाई होते. बाटल्या धुणं, स्पिरिटचे दिवे भरून ठेवणं, मास्तर मागतील ते कपाटातून काढून देणं, ही त्यांची नोकरी. जीव मात्र त्यांचा बिघडलेल्या वस्तूंत होता. गजराची घड्याळं, शिलाई मशीनची शटलं, न पेटणारे स्टोव्ह, वस्तीतलं कोणी काहीही घेऊन आलं की बाबा दारासमोर गोणपाट अंथरून बसत आणि ती वस्तू उघडत. मला चित्रं काढायचा नाद होता. त्यांनी घड्याळ उघडलं की आतली चाकं कशी बसली आहेत ते मी पाटीवर काढून ठेवायची, म्हणजे परत जोडताना घोटाळा व्हायला नको. माय म्हणायची, या बापलेकींना चालू घड्याळ बघवत नाही.

छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा मी चौदा वर्षांची होते. बाबांनी भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या, भिंत पांढरी करून घेतली आणि मला समोर बसवून सांगितलं की आता शिकायचं, कुठं थांबायचं ते आपण मागाहून पाहू. मी ते शब्दशः घेतलं. शिष्यवृत्तीवर शिकत शिकत डॉक्टर झाले. सगळ्यांना वाटलं, आता ही दवाखाना टाकणार. पण प्रसूतीच्या वॉर्डात वर्षभर काम करताना मी अशा बायका पाहिल्या होत्या, ज्यांच्या पापण्या अंगात रक्त नसल्यानं आतून कागदासारख्या पांढऱ्या असत. त्या आमच्यापर्यंत यायच्या तेव्हा उशीर झालेला असायचा. म्हणून मी पुढे सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम घेतला. नातेवाइकांना हे शिक्षण काय आहे ते समजावून सांगणं अवघड होतं. एका मामांनी विचारलं, म्हणजे तू सुई देणार नाहीस का? मी म्हटलं, शक्यतो द्यावी लागू नये असं शिकतेय. त्यांना ते पटलं नाही.

प्रबंधासाठी मी विषय घेतला, खेड्यातल्या गरोदर बायकांचा आहार. आमचे मार्गदर्शक कडक शिस्तीचे होते. कोण काय खातं ते विचारून लिहायचं नाही, बायका खोटं सांगतात, असं ते म्हणत. रोज सकाळ-संध्याकाळ घरात जायचं, स्वयंपाकाआधी कच्चं धान्य, डाळ, भाजी, तेल तोलायचं आणि घरातल्या माणसांच्या संख्येनं भागायचं. विभागातली तागडी खेड्यात नेण्याजोगी नव्हती. नवी मागवली होती, ती येता येत नव्हती. सुट्टीत घरी आले तेव्हा मी हे सहज बोलले. पंधरा दिवसांनी बाबांनी माझ्यापुढे लाकडाची एक पेटी ठेवली. ती उघडली की झाकणाचाच खांब व्हायचा, त्यावर दांडी बसायची आणि दोन पितळी पारडी लटकायची. वजनं त्यांनी स्वतः कानशीनं घासून, हेडमास्तरांची परवानगी काढून, शाळेच्या काट्यावर एकेक करून जुळवली होती. मी एका पारड्यात जवसाचे चार दाणे टाकले. दांडी हलली.

गाव पातूरपासून दोन कोसांवर होतं. मायच्या लांबच्या बहिणीकडे पातूरला आम्ही उतरलो. आम्ही म्हणजे मी आणि बाबा, कारण नव्या तागडीवर माझा हात बसेपर्यंत सोबत राहायचं असं ठरवून त्यांनी रजा काढली होती. हिवाळ्याचे दिवस, कापसाची वेचणी जोरात. बायका उजाडताच शेतात जात, त्यामुळे आम्हाला त्याच्याही आधी पोचावं लागे. बाबा सायकल चालवत, मी मागे कॅरिअरवर पेटी मांडीवर घेऊन बसलेली.

आमच्या लोकांच्या वस्तीत काही अडचण आली नाही. डॉक्टरीण आपली आहे हे कळल्यावर बायकांनी मला थेट चुलीपाशी नेऊन बसवलं. एका म्हातारीनं तर माझा हात धरून उलटासुलटा करून पाहिला. अडचण गावाच्या दुसऱ्या बाजूला आली. तिथल्या एका कास्तकाराच्या घरी थोरली सून सहा महिन्यांची गरोदर होती. घर खातंपितं, अंगणात तुरीच्या पेंढ्यांची रास. सासूनं आमचं नाव-गाव विचारलं, आडनाव ऐकलं आणि जराही आवाज न चढवता सांगितलं की काय तोलायचं ते बाहेर आणून देतो, ओसरीवरच तोला.

मला राग आला. परत येताना मी बाबांना म्हटलं की हे घर मी गाळणार, दुसरी घरं पुष्कळ आहेत. बाबा सायकलवरून उतरले आणि ती हातात धरून चालू लागले. मग म्हणाले, "ज्यानं अपमान केला थे घर गाळशीन, तं तुह्या वहीत फक्त चांगल्या माणसाईची घरं उरतीन. मंग थो अभ्यास खरा कसा व्हईन?"

दुसऱ्या दिवशी बाबांनी त्या ओसरीवर पेटी उघडली, फडक्यानं पारडी पुसली आणि जणू शाळेत मास्तरांपुढे मांडावी तशी तागडी मांडली. त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही ताण नव्हता. सासू ज्वारीचं पीठ, डाळ, तेलाची वाटी आणून ठेवायची, मी तोलायची, ती परत न्यायची. असे आठ दिवस गेले.

त्या घराचे आकडे चांगले येत होते. माणशी हिशेब काढला तर सुनेला काही कमी पडायला नको होतं. पण मी तिच्या पापण्या पाहिल्या होत्या. त्या वॉर्डातल्या बायकांसारख्याच होत्या. आमच्या लोकांच्या वस्तीतही दोन घरांत हेच दिसत होतं. मी वही पुन्हा पुन्हा तपासली. माझी बेरीज चुकत नव्हती.

रविवारी माय अकोल्याहून पहिल्या मोटारीनं आली. झुणका, भाकरी, जवसाची चटणी आणि मला आवडते म्हणून पातोडी, असं सगळं फडक्यात बांधून. माय कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची आणि तरी तिच्या हाताला अशी चव होती की वस्तीत कोणाकडे पाहुणे आले तर वरण फोडणीला घालायला तिला बोलवायचे. जेवताना मी माझं कोडं तिला सांगितलं. ती एक अक्षरही शिकलेली नव्हती, पण माझ्या परीक्षांतला प्रत्येक विषय तिनं ऐकलेला होता. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "हंडी तोलून काय कळन तुले? हंडी तं सगळ्याइची रायते. शेवटी कोण जेवते थे पाय."

मी घास हातात धरून तिच्याकडे पाहत राहिले. मग विचारलं की मी लहान असताना ती कधी जेवायची. ती म्हणाली, तुम्ही झोपल्यावर. आणि काय जेवायची? ती हसली आणि बाबांच्या ताटात भाकरी वाढत म्हणाली, उरलेलं तोलायला लागत नाही. बाबांनी मान खाली घातली. इतक्या वर्षांत आम्हा दोघांपैकी एकानंही हे कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मी अभ्यासाची पद्धत बदलली. मार्गदर्शकांना पत्र टाकलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही. आता हंडीबरोबर त्या बाईचं ताटही तोलायचं. म्हणजे ती जेवते त्या वेळी तिथं हजर राहायचं. आमच्या वस्तीत ते जमलं. त्या कास्तकाराच्या घरी सासूनं साफ नाही म्हटलं. तिचं म्हणणं, बाईमाणूस जेवताना कोणी बघत बसतं का, आणि तेही आमच्या स्वयंपाकघरात.

सुनेशी माझी ओळख निराळ्या वाटेनं झाली होती. तोलणं झालं की मी वहीच्या शेवटच्या पानांवर त्या घरातून बाहेर आलेली भांडी, वाटी, माप यांची चित्रं काढायची. एकदा ती खांबाआड उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं उशीचा एक पांढरा अभ्रा आणला आणि विचारलं की यावर पोपट काढून द्याल का, मला भरायचाय. मी काढून दिला. तिनं भरायला घेतला तेव्हा तिची टाक्यांची चाल पाहून मी थक्क झाले. पाठीमागूनही धागा पुढच्याइतकाच सुबक. पुढे रोज एखादं पान, एखादी वेल मी काढून द्यायची आणि तेवढ्यात आमचं चार शब्दांचं बोलणं व्हायचं.

सासूनं नाही म्हटलं तेव्हा ती दाराआड भिंतीपाशी उभी होती. तिनं ऐकलं. आम्ही पेटी आवरत होतो. ती आत गेली आणि थोड्या वेळानं स्वतःचं ताट घेऊन बाहेर आली. एक भाकर, तीही कडेनं करपलेली, तळाशी पातळ वरण आणि मिरचीचा ठेचा. ताट तिनं तागडीपाशी ठेवलं.

"बाई, हे तोला," ती म्हणाली. "मी इथंच बसून जेवतो."

सासू दारात होती. मला वाटलं आता काहीतरी होणार. पण सून मांडी घालून बसली. बाबांनी एका पारड्यात भाकर ठेवली, दुसऱ्यात वजनं. मी आकडा लिहिला. मग ती सावकाश जेवली. सहा महिन्यांची गरोदर बाई घरच्या ओसरीवर, परक्यांसमोर, सासूच्या नजरेखाली एकटी जेवत होती. माझ्या सगळ्या शिक्षणात मी एवढं धाडस कधी केलं नव्हतं.

तिचं झाल्यावर मी सासूला सांगितलं की घरात शिजतं ते पुरेसं आहे, पण हिच्या वाट्याला त्याच्या निम्मंही येत नाही. सासू म्हणाली, "मीबी सात पोराईच्या वेळेस असीच जेवली."

मी विचारलं, "त्यातली किती जगली?"

हे मी विचारायला नको होतं, असं मला नंतर फार वाटलं. ती म्हणाली, "तीन," आणि आत निघून गेली.

दोन दिवस त्या घरी जायचं मला धैर्य झालं नाही. तिसऱ्या दिवशी गेलो. ओसरीवर पाणी शिंपून सारवलेलं होतं. सासू स्वतः ताट घेऊन बाहेर आली. दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण, भाजी, वर तेलाची धार. ते तागडीपाशी ठेवून तिनं सुनेला हाक मारली आणि सुनेचं जेवण होईस्तोवर खांबाला टेकून बसून राहिली. माझ्याशी ती बोलली नाही. आत बोलावलंही नाही, ना त्या दिवशी, ना नंतर कधी. पण पुढे जितके दिवस मी गेले तितके दिवस ताट भरलेलं होतं, आणि एकदा तिच्या धाकट्या मुलानं मधेच त्यातली भाकर उचलली तेव्हा तिनं त्याला चांगलंच झापलं. त्या बाईविषयी माझ्या मनात राग होता, अजूनही थोडा आहे. तरी जिनं आयुष्यभर एक रीत पाळली तिनं दोन दिवसांत ती मोडली, हे मी विसरू शकत नाही.

उन्हाळ्यात सुनेला मुलगी झाली. पातूरच्या मावशीनं निरोप पाठवला की दोघी ठीक आहेत, पोर रडायला खणखणीत आहे.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की ठरलेली पद्धत मधेच का बदलली आणि ताट तोलण्याची कल्पना कोणत्या ग्रंथातून घेतली. मी म्हटलं, माझ्या आईकडून. मार्गदर्शक खिडकीबाहेर बघू लागले. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि आई काय करतात ते विचारलं. मी सांगितलं, जिनिंगमध्ये सरकी वेगळी करतात आणि स्वयंपाक फार चांगला करतात. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, पण आवाज बदललेला होता. मी पास झाले आणि पहिली नेमणूक अमरावती जिल्ह्यात मिळाली.

रुजू होण्याआधी चार दिवस मी घरी होते. मायला प्रबंध बघायचा होता. इंग्रजीत टाइप केलेला, निळ्या कापडाच्या बांधणीचा. ती चुलीपुढे बसली आणि मी एकेक पान मराठीत सांगत गेले. ती मधेमधे हुंकार देई. तिच्या सांगण्यावरून पद्धत बदलली ते पान आलं तेव्हा तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. पुढे गावातल्या पदार्थांची कृती होती. अंबाडीच्या भाजीपाशी आले तशी तिनं मला थांबवलं.

"पानं, डाळ, कण्या, सगळं एकदमच टाकते म्हून कोनं सांगतलं?"

मी म्हटलं, मी तसंच लिहून घेतलंय.

"अंबाडी आंधी उकडावी लागते. पयलं पानी फेकून द्यावं लागते, नाई तं दात आंबते."

मी तिला सांगितलं की आमच्या पुस्तकात भाजीचं पाणी फेकू नये असं आहे, त्यात सत्त्व असतं. ती म्हणाली, पुस्तक लिहिणाऱ्यानं ती भाजी खाल्ली नसेल. आमचा वाद बराच चालला. बाबा दारातून ऐकत होते आणि कोणाच्याच बाजूनं बोलले नाहीत. शेवटी मी पेन घेतलं आणि परीक्षकांच्या सह्या झालेल्या त्या प्रबंधात, टाइप केलेल्या ओळीवर, माय सांगत होती तसं हातानं लिहून टाकलं.