आत्यांच्या उपवासाला चिया चालतं का?

गावदेवीला मी बोलले होते, "आत्यांची साखर आटोक्यात येऊ दे, तोवर साबुदाणा तोंडात घालणार नाही." आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. नवस बोलले एकच, पण त्यापायी किस्से मात्र पोत्यानं जमले! आमच्या राजुरीत चार बायका भजनाला बसल्या की टाळ राहतात बाजूला आणि चियाचा विषय निघतो.

*

सुरुवात नारायणगावच्या डॉक्टरांकडं झाली. आत्यांचा सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. आणि प्रत्येक उपवासाला साबुदाणा, बटाटा. डॉक्टर म्हणाले, "आजी, साबुदाण्यानं शुगर भडकते. एक तर उपवास सोडा, नाहीतर साबुदाणा."

आत्या शांतपणे म्हणाल्या, "त्यापरीस तुमी गोळी बदला की!"

डॉक्टर हसले. मला म्हणाले, "गोळी बंद करायची नाही. पण खिचडीऐवजी दह्यात भिजवलेलं चियाचं बी देऊन बघा. फायबर असतं, पोट भरल्यासारखं राहतं. वर पाणी भरपूर."

परतताना अख्ख्या जीपला ऐकू जाईल असं आत्यांनी विचारलं, "कुठल्या गावचं पीक हाय म्हनायचं हे?"

*

पुडी आणली, तर शेजारची सुमन म्हणाली, "अगं, हा तर फालुद्यातला सब्जा!"

दोन वाट्यांत दोन्ही भिजवलं. सब्जा बघता बघता टपोरा फुगला. चिया आपलं सावकाश, अर्ध्या तासानं लगद्यासारखं झालं. मी खूश! तेवढ्यात आत्यांनी डोकावून पाहिलं.

"बेडकाची अंडी उपवासाला कवापासून चालाया लागली गं?"

*

आमच्या ह्यांना धीर म्हणून नाहीच. टोमॅटोचे क्रेट भरून मार्केटला निघताना बडीशेप टाकावी तसं कोरडंच चमचाभर तोंडात टाकलं. घसा चिकटला! डोळ्यांत पाणी, तोंडातून शब्द नाही. खोकून खोकून मोकळे झाले तेव्हा म्हणाले, "घशात पीक उगवलं व्हतं राव!"

तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे: भिजवल्याशिवाय दाणासुद्धा तोंडात नाही.

*

एकदा जमलं की मग हात थांबेना. थालीपिठात घातलं, वरईच्या घावनात घातलं; घावन मोडायचं थांबलं. सुमनला त्याहून जोर चढला. तिनं ताकात मूठभर टाकलं आणि विसरली. दुपारी पाहुणे आले. पेला उलटा केला तरी ताक खाली येईना!

पाहुणे म्हणाले, "वैनी, ताक प्यायचं का वड्या पाडायच्या?"

*

सगळ्यांनी खाल्लं, पण ज्यांच्यासाठी आणलं त्या आत्या काही हात लावेनात. "परदेशी दाणं उपवासाला न्हाई चालत."

भजनातल्या हिराचं माहेर डोंगरातल्या आहुप्याचं, बोलायला फटकळ. ती म्हणाली, "मग आत्या, बटाटा काय आपल्या डोंगरात जन्मला व्हता?"

"बटाटा माझ्या आजीनं खाल्लाय!"

विषय संपला. पुढच्याच चतुर्थीला खिचडी खाऊन आत्या ओट्यावर बसल्या त्या उठेचनात. चक्कर, तोंडाला कोरड. हे मोटारसायकल काढतायत, मी साखर मोजायच्या मशीनची सुई शोधतेय. वाढलेला आकडा ऐकून डॉक्टर फोनवरच ओरडले. आत्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "उपवास सोडून जगन्यापरीस..." मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

*

शेवटी त्याच म्हणाल्या, "देवीला इचारू. ती म्हनंल तसं."

आमच्याकडं कौल लावतात. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. गुरवभाऊंनी फुलं घेतली, तर आत्या म्हणाल्या, "फुलं नगं. ज्याचं इचारायचं तेच लाव."

मी भिजवलेल्या चियाची वाटी पुढं केली. भाऊंनी दोन्ही खांद्यांना चिमूट चिमूट लावलं.

बसलो. एक भजन झालं, दुसरं झालं. उजवं हलेना, डावं हलेना! मी मनात नुसती "उजवं, उजवं" करतेय. आरती झाली. समईत पुन्हा तेल घातलं. दोन्ही बाजू जशाच्या तशा!

गुरवभाऊंनी डोकं खाजवलं. "आजी, आसा कौल जन्मात बगितला न्हाई."

आत्या उठल्या, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेल्या, देवीकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "पडंल कसं? तिनं ठिवून घेतलं!"

माझ्या हातातली वाटी घेतली, चमचाभर खाल्लं आणि आम्हा सगळ्यांकडं बघून म्हणाल्या,

"बगत काय बसलाय गं? घ्या की तुमीबी!"