आत्तीचं पुढचं आजारपण

आजारी पडण्याआधी आजारपणाची रंगीत तालीम घेणारी बाई उभ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि ती आमची आत्ती. मंगळवार पेठेतल्या दुमजली घरात ती एकटी राहते. मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. सगळी नोकरी मुलींच्या शाळेत कवायत शिकवण्यात गेल्यामुळे आवाज अजून मैदानावरचा. ती भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागते तेव्हा पलीकडच्या गल्लीतली पोरं सावधान उभी राहतात.

पंच्याहत्तरी उलटल्यावर तिच्या मनात आलं, उद्या आपण अंथरुणाला खिळलो तर बघणार कोण? दुसऱ्या कुणी देवाला हात जोडले असते. आत्तीनं मला, म्हणजे पन्नाशीतल्या भाच्याला, इचलकरंजीहून बोलावून घेतलं, खाटेवर आडवी झाली आणि जाहीर केलं, "आजच्या दिवस मला लकवा झालाय. बघू तरी काय काय लागतंय." मग पाणी, उशी, कूस बदलणं, पंखा बारीक, पंखा मोठा. मी धावतोय आणि ती प्रत्येक कामाला मार्क देतेय. पेज भरवण्यात मी नापास झालो. दुपारी शेजारच्या भाभींनी सामाईक कट्ट्यावर वाळत घातलेल्या मिरच्या आत्तीच्या हद्दीत चार बोटं सरकल्या, आणि लकवा झालेली आत्ती तरातरा बाहेर गेली. मनसोक्त भांडून आली आणि घाम पुसत म्हणाली, "एकट्या माणसाचं काम न्हाय हे. वकील गाठूया."

वकीलसाहेब सावकाश बोलणारे. "मृत्युपत्र करायचं ना?" त्यांनी विचारलं.

"मेल्यावरचं मेल्यावर. मी जित्ती असतानाचं सांगा की!"

साहेब खुर्चीत सावरून बसले. पेन्शनीत दिवसाच्या बाईचा पगार भागेल, रात्रीची लागली तर वरचा मजला भाड्यानं द्या आणि ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, असं त्यांनी नीट समजावलं. "आणि जिवंतपणी घर कुणाच्या नावावर करू नका." "ऐकलंस न्हवं?" असं आत्तीनं माझ्याकडे वळून विचारलं, तेव्हा मी छताकडे बघत होतो. मग तिनं आपल्या अटी सांगितल्या. सांभाळणारी बाई खणखणीत बोलणारी पाहिजे, पुटपुटणारी नको. रविवारी तांबडा रस्सा. दात गेले तर मटण वगळून नुसता रस्सा. आणि आपल्याशी तान्ह्या बाळासारखं बोलली तर त्या दिवसाचा पगार बंद. साहेबांनी हे सगळं गंभीर चेहऱ्यानं लिहून घेतलं.

"पण तुम्हाला बोलताच येईना झालं, तर दवाखान्यात तुमच्या वतीनं ठरवायचं कुणी?"

आत्तीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी मान ताठ करून तयारीत बसलो.

"शेजारची भाभी," ती म्हणाली.

"तुमचं नातं?"

"भांडणाचं. ह्यो पोरगा चांगला हाय, पण लगेच रडतोय. मी नुसतं हूं म्हटलं तरी ह्याला वाटंल, बरं हाय. माझं खरं कुठलं आणि सोंग कुठलं, ते तिला भिंतीपल्याडनं कळतंय."

भाभींना हे सांगितल्यावर त्या कडाडल्या, "मला आधी इचारलंस व्हय? मी काय तुझी नोकर हाय?" आणि दुसऱ्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून, रिक्षात वकिलाच्या दारापर्यंत आत्तीला शिव्या देत, सही करायला आल्या.

गेल्या वर्षी आत्तीला खरोखरच लकव्याचा झटका आला. आता वृद्धांच्या संस्थेतच ठेवलेलं बरं, असं डॉक्टर म्हणाले आणि मीही घाबरून मान डोलावली. भाभी म्हणाल्या, "घरीच न्यायचं. तिनं मला तसं सांगितलंय." घरीच आणलं. दिवसाची बाई खणखणीत आहे, भाडं वेळेवर येतं, रविवारी घरभर रश्श्याचा वास असतो. फक्त आत्तीचे अर्धे शब्द कुठंतरी हरवलेत.

परवा गेलो तेव्हा भाभी खाटेजवळ बसून मुद्दाम काहीतरी उकरून काढत होत्या आणि आत्ती तावातावानं उत्तर देत होती. मध्येच तिला एक शब्द सापडेना. ओठ हलत राहिले. भाभी बोलायच्या थांबल्या आणि तिला घाई वाटू नये म्हणून खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर काहीच नव्हतं. मी दारातच उभा राहिलो, पायातल्या चपला तशाच.