तोफेची सून

सोफ्याच्या दुकानात दिवसभर जाड कापडाला टाके घालणाऱ्या त्या बाईला वसाहतीत कुणी तिच्या नावाने हाक मारत नसे. ती तोफेची सून. तोफ म्हणजे तिची सासू. लाँड्रीत इस्त्री करता करता म्हातारीने उमेदीची सगळी वर्षं वसाहतीच्या बेसबॉल संघासाठी पिचिंग, म्हणजे चेंडू टाकायचं काम, केलं होतं. बॅटवालीला दिसायच्या आत तिचा चेंडू मागे झेलायला बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात धाडकन बसायचा. पुढे खांदा निकामी झाला. तोंड मात्र शाबूत राहिलं.

सुनेला सासूचा अभिमान होता, पण ते नाव कुठेतरी सलायचं. लग्नानंतर ती सासूकडूनच चेंडू टाकायला शिकली आणि संघात आली, तेव्हाही लोक म्हणाले, सासूच्या पुण्याईवर आली. त्यात अंतिम सामना तोंडावर आलेला असताना कॅचर आणि कप्तान असलेल्या नर्सबाईंनी तिला बाजूला घेतलं.

"तुझा सरळ चेंडू आता सगळ्यांना पाठ झालाय. रविवारपर्यंत त्याच वेगाचा दुसरा एखादा शीक, नाहीतर बाकावर बस."

घरी येऊन ती म्हणाली, "आई, तुमचा तो शेवटी खाली बसणारा चेंडू मला शिकवा."

"इतके दिवस झोपली होतीस का?" म्हणत म्हातारी चपला शोधायला लागलीसुद्धा.

मागच्या अंगणात भिंतीला जुन्या सोफ्याची गादी टांगली. सरळ चेंडूला दोन बोटं शिवणीवर आडवी टाकायची, हे सुनेच्या अंगात मुरलं होतं. या चेंडूला बोटं शिवणीच्या रेषेतच उभी ठेवायची, दोन शिवणी जवळ येतात तिथे. अंगठा खाली, तळवा चेंडूपासून सुटा, तर्जनीचा दाब किंचित जास्त. हात मात्र नेहमीसारखाच फिरवायचा. ऐकायला सोपं, पण चेंडू कधी भिंतीवर, तर कधी थेट शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींत.

"आई, हा वळतच नाही हो!"

"तू वळवायला जातेस ना, म्हणून. बोटांचं काम बोटांना करू दे. तू फक्त सोड त्याला."

खिडकीतून नवऱ्याने विचारलं, "आज जेवायला मिळणार आहे का?"

"तुला हात नाहीत का?" त्याच्या आईने तिथूनच सुनावलं.

मग म्हातारीने सुनेच्या खिशातला कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि चेंडूभोवती एक रेघ ओढली. "आता हिच्याकडे बघ. चेंडू नीट फिरला तर ही सलग दिसेल." सुनेने चेंडू टाकला. रेघ हवेत वेडीवाकडी फरफटत गेली. म्हातारीने तिचं मनगट पकडलं.

"अगं, टाका आवळतेयस तू!"

सून हातातल्या चेंडूकडे बघतच राहिली. दुकानात दोरा ओढून झाला की मनगटाला शेवटची मुरड देऊन ती टाका घट्ट करायची. वर्षानुवर्षांची सवय. चेंडू सोडतानाही हात इमानेइतबारे तेच करत होता. सरळ चेंडूत ते वेगाखाली झाकून जायचं, इथे उघडं पडलं.

ती सवय मोडताना तिला रडू आलं, म्हातारीच्या शिव्या खाव्या लागल्या, चादरीही पुन्हा धुवून द्याव्या लागल्या. शनिवारी संध्याकाळी रेघ पहिल्यांदा एकसंध फिरली. चेंडू गादीपर्यंत सरळ गेला आणि ऐनवेळी आत शिरून खाली बसला. म्हातारी नुसतं "हं" म्हणाली. आजवर तिने कुणाचं एवढंही कौतुक केलं नव्हतं.

रविवारी सामना शेवटच्या डावापर्यंत ताणला गेला. वसाहतीला एका धावेची आघाडी, शेवटचा एक गडी बाद करायचा, तिसऱ्या बेसवर, धावेपासून एकाच टप्प्यावर, प्रतिस्पर्धी संघातली एक टपून बसलेली. समोर बॅट घेऊन आली ती बस चालवणारी धिप्पाड बाई. मघाशी सुनेचा सरळ चेंडू तिनेच कुंपणापर्यंत धाडला होता. नर्सबाईंनी दोन बोटं दाखवली, म्हणजे खाली बसणारा चेंडू. सुनेने सासूकडे पाहिलं. दिवसभर ओरडून ओरडून घसा बसवलेली म्हातारी काठीवर दोन्ही हात रोवून उभी होती.

सुनेने बोटं शिवणीवर उभी लावली. हात फिरला आणि तिने चेंडू नुसता सोडला.

बस चालवणारीने सरळ चेंडू समजून जोरात बॅट फिरवली. चेंडू शेवटच्या क्षणी खाली बसला, बॅटचा नुसता काठ लागला आणि तो घरंगळत सुनेच्याच पायाशी आला. तिने उचलून पहिल्या बेसकडे फेकला. बस चालवणारी धावत पोचायच्या आत चेंडू तिथे. बाद!

वसाहत मैदानात धावली. "शाब्बास, तोफेची सून!" जो तो ओरडत होता.

म्हातारी काठी आपटत गर्दीत घुसली. बसलेल्या घशाने जेवढं जमेल तेवढं ओरडली, "सून काय म्हणताय? तोफ ती आहे. मी तिची सासू!"