तुपाच्या डब्याखालचं कूपन

दुसऱ्याच्या ट्रॉलीत डोकावायची मला वाईट खोड आहे. त्या खोडीमुळेच त्या काकू माझ्या नजरेत भरल्या. सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या सुपरमार्केटात त्या दर रविवारी येतात. वेबसाइटवरची कूपनं झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलेली असतात. बिस्किटांच्या रॅकपाशी उभ्या राहून चष्मा कपाळावर सरकवतात आणि पर्समधल्या छोट्या कात्रीने एकेक कूपन अगदी रेघेवरून कापतात. सगळं जग मोबाईल दाखवून मोकळं होतंय, मग या बाईला कागद कशाला हवा, हे मला काही केल्या कळेना.

गेल्या रविवारी त्यांनी तुपाचा डबा उचलला, खाली काहीतरी सरकवलं आणि डबा परत ठेवून पुढे गेल्या. मी लगेच जाऊन पाहिलं. तुपाचंच कूपन होतं.

बिलाच्या रांगेत त्यांना गाठलं. "काकू, तुमचं कूपन राहिलंय तिकडे."

"राहिलं नाही, ठेवलंय. आम्ही दोघंच, त्यात यांना तूप बंद. ज्याला लागेल तो घेईल."

"मग प्रिंट कशाला काढता? मोबाईलवर चालतं की."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मोबाईल ठेवून येऊ का डब्याखाली?"

मी मागे वळलो. एक माणूस तुपाचा डबा काखेत धरून, कूपन उंच करून, येईल-जाईल त्याला विचारत होता, "किसका गिरा है? किसीका गिरा है क्या?"

काकूंनी मान खाली घातली आणि बास्केटमधले कांदे उगाच पुन्हा नीट लावायला घेतले.